येवला : घराघरांतला माग

मनमाडहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात येवला येतं. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्यानं धावतात आणि दोन्ही बाजूंना पैठणीच्या दुकानांच्या पाट्या सुरू होतात. वातानुकूलित दालनं, काचेमागचे पुतळे, पार्किंगची सोय. खरं येवला मात्र या दालनांच्या मागे, गल्ल्यांमध्ये आणि शेजारच्या नागडे गावासारख्या वस्त्यांमध्ये आहे. तिथे घराच्या पुढच्या खोलीत माग असतो आणि उरलेल्या जागेत संसार.

नाशिक जिल्ह्यातल्या या गावाचं नाव इतिहासात दोन मोठ्या कारणांनी येतं. तात्या टोपे यांचा जन्म इथला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. गावाचं पोट मात्र रेशमावर चालत आलं आहे. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी येवला वसवलं आणि पैठणहून विणकर आणून त्यांना घरं दिली, असं इथे सांगतात. पेशवाईत पैठणीला मोठी मागणी होती. पेशवाई गेली, संस्थानं गेली, गिरणीचं कापड आलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे विणकाम करणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले. पैठणमध्ये सरकारी लघुउद्योग महामंडळानं केंद्र काढून कला टिकवण्याची धडपड केली. येवल्यात ती टिकली ती प्रामुख्यानं घरांतल्या मागांमुळे.

मागावर बसलेल्या बाईच्या शेजारी थोडा वेळ थांबलं तर पैठणी म्हणजे काय ते कळतं. पदरावरचा मोर विणायला घेतला की प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी ताण्यावर लोंबू लागते. हिरव्या पिसासाठी एक, चोचीच्या लालसाठी एक, जरीच्या जमिनीच्या प्रत्येक तुकड्यासाठी आणखी एकेक. एका ओळीत एवढ्या सगळ्या कांड्या हातानं फिरवायच्या, आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून मागे वळवायचे. मग फणी ठोकायची. म्हणजे एक ओळ झाली. बोटभर मोर उमटायला कितीदा हात फिरवावा लागतो ते मोजायच्या भानगडीत विणकर पडत नाही. नव्या माणसासमोर आलेखाचा कागद असतो, जुन्याला नक्षी तोंडपाठ असते.

या पद्धतीमुळे पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत नाहीत, कापलेल्या टोकांची जाळी नसते. मला वाटतं, पैठणी घेणाऱ्या प्रत्येकानं दुकानात आधी पदर उलटून पाहावा. रंग नंतर बघावा, किंमत त्याहून नंतर. साध्या बुट्ट्यांची आणि लहान पदराची साडी काही आठवड्यांत उतरते. अंगभर नक्षीची असेल तर महिनेच्या महिने जातात. काही हजारांपासून काही लाखांपर्यंतचा किमतीतला फरक बराचसा या वेळेचा असतो.

माग चालायच्या आधीचं काम पाहुण्यांच्या नजरेत येत नाही. रेशीम बहुतेक कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. बेंगळुरूच्या पूर्वेला होस्कोटेच्या पुढे गेलं की कोलार, शिडलघट्टा हा तुतीच्या मळ्यांचा आणि कोशांच्या बाजारांचा मुलूख लागतो.   आलेलं रेशीम उकळून त्याचा डिंक काढतात, रंगवतात, आसारीवरून, म्हणजे धागा गुंडाळायच्या फिरकीवरून, कांडीवर घेतात. मग ताणा लागतो. जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचं एकेक टोक बोटांनी पिळून जोडायचं, असे हजारो धागे. हे काम घरातल्या बायका वर्षानुवर्षं करत आल्या, पण साडीचं नाव मात्र मागावर बसणाऱ्याचं. आता त्या स्वतः मागावर बसू लागल्या आहेत, ही मला या गावातली सगळ्यांत मोठी घडामोड वाटते.

दुसरी घडामोडही तितकीच मोलाची आहे. पूर्वी खत्री, साळी, कोष्टी, मोमीन अशा विणकर समाजांपुरता असलेला हा धंदा आता इतरांच्या घरांतही गेला. तालुक्यात पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे शेतकऱ्यांच्या मुलांनी माग शिकून घेतला. मागणी वाढायला दूरचित्रवाणीचाही हातभार लागला. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमानं पैठणी हे घराघरातल्या वहिनींचं स्वप्न करून टाकलं. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. अंगणगावला पैठणी पर्यटन केंद्रही उभं राहिलं.

मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. यंत्रमागावर निघालेली ‘सेमी पैठणी’ शेजारच्याच कपाटात ठेवलेली असते. ती घेण्यात गैर काही नाही, ज्याला जे परवडतं ते तो घेतो. गैर आहे ते तिला हातमागाची म्हणून विकणं. तशी विकली की महिनाभर बसून विणलेल्या साडीला गिऱ्हाईक त्याच भावात मागतं, आणि ती घासाघीस शेवटी विणकराच्या मजुरीवर येऊन आदळते. काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे, हातमागाचं आणि रेशमाचं प्रमाणचिन्हही आहे. दुकानदाराकडे ती चिन्हं मागायला लाजू नये. जमलं तर साडी थेट विणकराच्या घरी जाऊन घ्यावी; इथे दार उघडं असतं, माग दाखवायला कोणी नाही म्हणत नाही.

जायचं तर दिवाळीनंतर, लग्नसराईच्या आधी जावं. मागांवर ऑर्डरीच्या साड्या चढलेल्या असतात आणि विणताना बघता येतात. भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत मात्र खरेदीच्या अपेक्षेनं जाऊ नये. त्या दिवसांत येवलेकर मांजाची आसारी घेऊन गच्चीवर असतात, पतंग सोडून दुसरं काही त्यांना सुचत नाही.