न दिसणाऱ्या रेषांची गोष्ट

दक्षिण कोलकात्यातलं बालीगंज म्हणजे जुनी ऐसपैस घरं, पुस्तकवेडी माणसं आणि तासन्‌तास रंगणारे अड्डे! याच परिसरात अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ ही कादंबरी घडते. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजीत असली तरी तिचा जीव अस्सल बंगाली घरातला आहे.

गोष्ट सांगणाऱ्या मुलाचं नाव लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. ही काही विसरभोळेपणाची चूक नव्हे. नाव नसल्यामुळे त्याच्या जागी वाचक कधी जाऊन बसतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही. बालीगंज प्लेसमधल्या घरातल्या त्रिदीबकाकाच्या गोष्टी ऐकत हा मुलगा वाढतो. न पाहिलेलं लंडनही त्याला गल्लीइतकं ओळखीचं होतं.

त्याची आजी, थम्मा, मूळची ढाक्याची. तिथल्या घरात दोन भावांची वाटणी झाली आणि मधोमध भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडे सगळं उलटं असतं, तिथली माणसं जेवणाची सुरुवात मिठाईने करतात, असं ती धाकट्या बहिणीला सांगायची. भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे हे वाचताना प्रथम हसू येतं. मग हळूच लक्षात येतं, की लेखक एका घराबद्दल नव्हे, फाळणी झालेल्या देशाबद्दल बोलतो आहे. भिंत हे इथे प्रतीक आहे. ते अंगणातलं असल्यामुळेच काळजाला भिडतं.

ढाक्याला निघताना आजी विचारते, विमानातून सरहद्द दिसेल का? प्रश्न भाबडा, पण उत्तर देता देता शहाणी माणसंही अडखळतात. शिवाय ढाक्याला ‘जायचं’ की ‘यायचं’, यातही तिचा गोंधळ उडतो. कादंबरीच्या दोन भागांची नावंही ‘जाणं’ आणि ‘घरी येणं’ अशीच आहेत. आपल्याकडेही निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. पण परतण्याचं घरच परक्या देशात गेलं, तर? दोन साध्या क्रियापदांतून निर्वासितांचं सारं दुःख उभं राहतं.

डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र केस चोरीला गेला. त्याचे पडसाद पूर्व पाकिस्तानात उमटले आणि जानेवारी १९६४ मध्ये कोलकाताही पेटलं. कादंबरीत ही दंगल शाळेच्या बसमधल्या लहान मुलांच्या नजरेतून दिसते. पाण्यात विष कालवल्याची अफवा, बसमधली रिकामी बाकं, निर्मनुष्य रस्ते. रक्ताचं वर्णन नसूनही पोटात गोळा येतो. त्याच दिवसांत ढाक्यात त्रिदीबचा जीव जातो. पण तो कसा गेला, हे लेखक शेवटपर्यंत राखून ठेवतो. घरातली माणसं त्याबद्दल बोलत नाहीत. हे मौन वाचकालाही कुटुंबातल्या सदस्यासारखं छळतं.

मोठेपणी तो मुलगा त्रिदीबच्या नकाशावर कंपासने वर्तुळ काढतो. केंद्र खुलना, परिघावर श्रीनगर. शेकडो मैल दूरच्या घटनेने आपलं घर हादरलं आणि आता ती दंगल कुणाच्या लक्षातही नाही, हे त्याला कळतं.

१९८४ साली घोष यांनी दिल्लीतली शीखविरोधी हिंसा जवळून पाहिली. त्या अनुभवानेच आपल्याला जुन्या दंगलींकडे आणि या कादंबरीकडे वळवलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. २०१८ साठीचा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना मिळाला.

प्रतीक, मौन, शब्दांचा खेळ ही नावं परीक्षेसाठी पाठ करता येतात. पण त्यांचं खरं काम वाचकाला बोलतं करण्याचं असतं. ही कादंबरी मिटल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावंसं वाटतं, ज्याबद्दल तुम्ही कधीच बोलला नाहीत, असं काय घडलं होतं?