स्पिन्स्टर म्हणजे कोण?

चौसाळ्याच्या शाळेत टकळीवर सूत कातायला आम्हाला शिकवलं ते माझ्या आत्यानं. ती तिथं बाई होती. पेळू एका हातात, दुसऱ्या हातानं टकळीला गिरकी. माझा धागा सारखा तुटायचा. आत्यानं लग्न केलं नव्हतं. मी कॉलेजात असताना तिच्या विम्याच्या इंग्रजी कागदावर नावापुढं ‘स्पिन्स्टर’ असं टाइप होऊन आलं. “हे काय लिहिलंय रे?” तिनं विचारलं. मी कोश उघडला आणि सांगितलं, “बिनलग्नाची बाई.” तिनं कागदाची घडी घातली. “म्हणजे तिकडंही तेच,” एवढंच म्हणाली.

त्या दिवशी मी नोंद अर्धीच वाचली होती. ‘स्पिन’ म्हणजे कातणं आणि ‘स्टर’ हा जुन्या इंग्रजीत मुख्यतः काम करणाऱ्या बाईसाठीचा प्रत्यय. वेबस्टर म्हणजे विणणारी, तशी स्पिन्स्टर म्हणजे कातणारी. चौदाव्या शतकात शब्दाचा अर्थ तेवढाच होता. कागदोपत्री नावापुढं धंदा लिहायची रीत होती. अविवाहित बायकांना पोटापाण्यासाठी सूतच हाताशी असल्यानं तो धंदा त्यांच्या नावांना चिकटला आणि सतराव्या शतकात ‘अविवाहित’ हाच कायदेशीर अर्थ झाला. पुढं कातणं यंत्राकडं गेलं, शिक्का बाईवर राहिला. इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदीतून तो गेला 2005 च्या डिसेंबरात.

आपल्याकडं काय होतं? कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सूत्राध्यक्षाचं प्रकरण आहे. सूत कुणाकडून कातून घ्यावं, याची यादीच त्यात दिली आहे : विधवा, अपंग स्त्रिया, कन्या, संन्यासिनी, म्हाताऱ्या राजदासी. बहुतेक सगळ्या नवऱ्याचा आधार नसलेल्या. सुताचा बारीक-जाडपणा पाहून मजुरी ठरवायची. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांकडं दासी पाठवून मानानं काम द्यायचं. पहाटे सूत घेऊन कुणी आलीच, तर दिव्याचा उजेड सूत पारखण्यापुरता. अधिकाऱ्यानं तिचं तोंड न्याहाळलं किंवा कामाबाहेरचं बोलला, तर दंड. मजुरी द्यायला उशीर केला, तरीही दंड.

म्हणजे दोन्हीकडं काम तेच आणि बायकाही त्याच. कातायला भांडवल लागत नाही, घर सोडावं लागत नाही, मधेच उठता येतं. एकटीला जगवणारं काम होतं ते. मराठीनं मात्र त्या कामाचं नाव एकटीला दिलं नाही. कातते ती कातीण, आणि कातीण म्हणजे कोळी, जाळं विणणारा किडा. इंग्रजीतला ‘स्पायडर’ही ‘स्पिन’च्याच घरातला. पण यावरून आपण फुशारकी मारू नये. ‘घोडनवरी’ हा शब्द आपलाच आहे, आणि त्यात तर कष्टाची आठवणही नाही.

आत्या आता नाही. तो शब्द कागदावर चढवणाऱ्यानं तिचं लग्न पाहिलं होतं, काम नव्हे. तरी नकळत त्यानं खरंच लिहिलं होतं : चौसाळ्याच्या किती पोरांना तिनं कातायला शिकवलं! नोंदीचा उरलेला अर्धा भाग मी तेव्हाच वाचून दाखवायला हवा होता. ऐकून ती हसली असती, आणि तुझा धागा अजून तुटतो का, म्हणून विचारलं असतं.