परळचा तेरावा मजला

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात जी बहुमजली इमारत आहे, तिच्या तेराव्या मजल्यावर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. वॉर्डातल्या माणसांना ती सहसा ठाऊक नसते. पण वारंवार आजारी पडणाऱ्या कितीतरी बाळांचं पुढे काय करायचं, हे इथे पोचलेल्या दोन-तीन मिलिलिटर रक्तावरून ठरतं.

या बाळांच्या फायली एकमेकींसारख्या असतात. जन्माच्या वेळी वजन चांगलं, रडणं खणखणीत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून खोकला हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, तोंडातला पांढरा थर औषध लावूनही परत येतो आणि बाळ काही केल्या अंग धरत नाही. एका न्यूमोनियातून उठवून घरी आणावं, तर महिन्याभरात दुसरा. घरचे दृष्ट काढतात, वरचं दूध बदलतात, डॉक्टर बदलतात. प्रत्येक डॉक्टर समोरच्या दुखण्यावर योग्य ते औषध देतो. पण हे दुखणं पुन्हा पुन्हा का येतंय, हे विचारायचं बहुधा राहून जातं. ते ज्या दिवशी कोणी विचारतं, त्या दिवशी बाळाचा खरा इलाज सुरू होतो.

ही संस्था मुळात रक्तगटांच्या अभ्यासासाठी निघाली. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं आणि त्याचीच पुढे आजची संस्था झाली. योगायोग असा, की १९५२ सालीच अमेरिकेतले लष्करी बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. सतत गंभीर संसर्ग होणाऱ्या या मुलाच्या रक्तात गॅमाग्लोब्युलिन आढळलंच नाही. ते बाहेरून टोचायला लागल्यावर त्याची दुखणी आटोक्यात आली. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर उपचार होऊ शकतो, हे तिथून दिसू लागलं.

आज असे साडेचारशेहून अधिक दोष माहीत आहेत. एकेकटा दोष विरळा, पण सगळे मिळून तितके विरळे नाहीत. काही दोष एक्स गुणसूत्रावरचे असतात. आई ठणठणीत असते आणि आजार मुलग्यांना होतो. म्हणून आईच्या माहेरी कोणी मुलगा तान्हेपणी गेला होता का, हे जाणकार डॉक्टर आधी विचारतात. काही दोष आई आणि वडील दोघांकडून यावे लागतात. नात्यात लग्न झालेलं असलं, तर त्यांची शक्यता वाढते, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. हे सगळं विचारताना अनेकदा कळतं की या बाळाच्या आधी एक भाऊ झाला होता, सहा महिन्यांचा होऊन गेला, आणि त्याचं नाव कोणत्याही केसपेपरवर नाही. त्या भावाची हकिगत ही निदानाची पहिली खूण असते. ती सांगताना आईला कोणी दोष देता कामा नये.

संशय आला की काम येतं फ्लो सायटोमीटरकडे. हे टेबलावर मावणारं यंत्र. रक्तात आधी खास प्रतिपिंडं मिसळतात. प्रत्येक प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडलेला असतो आणि ते ठरावीक जातीच्या पेशीलाच चिकटतं. मग दर्शनबारीतून माणसं सोडावीत तशा पेशी एकामागून एक लेझरच्या झोतासमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. कोणती पेशी कोणत्या रंगात चमकली, याची नोंद होते. टी पेशी किती, बी पेशी किती, एनके पेशी किती, हे काही तासांत समजतं. टी पेशी जवळपास नसतीलच, तर तो ‘स्किड’, म्हणजे या दोषांतला सर्वांत घातक प्रकार, असण्याची दाट शक्यता असते.

यातली डीएचआर ही तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. सीजीडी नावाच्या आजारात न्यूट्रोफिल पेशी जंतूंना गिळतात, पण त्यांना मारणारं ऑक्सिजनयुक्त रसायन तयार करू शकत नाहीत. त्यामुळे यकृतात, गाठींत, फुप्फुसात पू होत राहतो. तपासणीसाठी हिरव्या टोपणाच्या हेपरिनच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात. त्याच वेळी एका निरोगी माणसाचं रक्तही घेतात, म्हणजे वाटेत नमुना खराब झाला असेल तर ते ओळखता येतं. दोन्हींत डायहायड्रोरोडामीन घालतात आणि पेशींना रसायनाने चेतवतात. निरोगी पेशी उजळतात आणि पडद्यावरचा उंचवटा उजवीकडे सरकतो. आजारी मुलाचा उंचवटा डावीकडे जिथल्या तिथे राहतो. मग आईचं रक्त लावतात. आजार एक्स गुणसूत्रावरचा असेल, तर तिच्या आलेखात बहुधा दोन उंचवटे दिसतात, एक उजळलेल्या पेशींचा आणि एक न उजळलेल्यांचा. तिच्या पुढच्या गरोदरपणात काय तपासायचं, हेही त्यावरून ठरवता येतं. ताज्या पेशींवरच ही तपासणी नीट होते. गावाकडून निघालेला नमुना उन्हात पडून राहिला, तर सगळी मेहनत वाया जाते.

निदानानंतरचा इलाज निदानावर ठरतो. प्रतिपिंडं तयार होत नसतील, तर दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, तेही बहुधा आयुष्यभर. सीजीडीत रोज कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीविरोधी औषध चालू ठेवतात. स्किडला मात्र बहुधा बोन मॅरो ट्रान्सप्लांटच लागतो, आणि तो लवकर. उत्तर अमेरिकेतल्या २५ केंद्रांतल्या २४० बाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. मोठ्या वयात, अंगात संसर्ग असताना ज्यांचा ट्रान्सप्लांट झाला, त्यांच्यात हे प्रमाण बरंच खाली होतं.

केईएमच्या शेजारीच, आचार्य दोंदे मार्गावर, १९२९ सालापासून बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. तिथल्या इम्युनॉलॉजी विभागात अशा मुलांवर उपचार होतात. खर्चाचा प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ साली आलं. स्किड, सीजीडी आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच (असाच आणखी एक जन्मजात दोष) हे तिन्ही आजार त्यात आहेत. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि केईएम त्यांतलं एक केंद्र आहे. आई-वडिलांनी फाइल घेऊन तिथल्या डॉक्टरांना या मदतीबद्दल स्पष्ट विचारावं.

म्हणजे यंत्र आहे, जाणकार आहेत, पैशाची थोडी वाटही आहे. हातून निसटतो तो वेळ, आणि तो निसटतो परळला पोचण्याआधी. तिथेच दोन गोष्टींकडे लक्ष हवं. पहिली लशीची. आपल्याकडे बीसीजीची लस जन्मल्यावर लगेच देतात. निरोगी बाळासाठी ती हवीच. पण ज्या घरात आधीचं मूल असं गेलं आहे, तिथे कोणतीही जिवंत लस देण्याआधी बाळाची तपासणी करायला हवी, कारण स्किड असेल तर लशीतलेच जंतू अंगभर पसरू शकतात. बीसीजीनंतर डाव्या काखेत मोठी गाठ आली, ती वाहू लागली आणि बाळ वाढतही नसेल, तर नुसतं ड्रेसिंग करून पाठवू नये.

दुसरी गोष्ट तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये होते. सीबीसीच्या रिपोर्टात रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या लिम्फोसाइटची, म्हणजे टी, बी आणि एनके पेशींची मिळून, टक्केवारी छापलेली असते. ८,००० पेशी आणि १२ टक्के लिम्फोसाइट असतील, तर गुणाकार येतो ९६०. मोठ्या माणसात हा आकडा थोडा कमी ठरेल. चार महिन्यांच्या बाळात मात्र तो ३,०००च्या खाली असणं हा धोक्याचा इशारा आहे. अशा किती रिपोर्टांवर ‘इन्फेक्शन’ एवढंच वाचलं जातं!

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ साली नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून स्किड शोधायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे देशभर अशी तपासणी होत नाही. ती व्हावी, यासाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि सरकारने आता जोर लावला पाहिजे. तोवर त्या गुणाकाराला आणि घरातल्या गेलेल्या मुलाबद्दलच्या एका प्रश्नाला पर्याय नाही. दोन्हींना पैसे लागत नाहीत, मुंबई गाठावी लागत नाही, आणि साडेतीन महिन्यांच्या आत बाळाला योग्य दारी पोचवणं त्यांनीच साधतं.