ग्रीष्माची कविता आणि अल्पाक्षरत्व

ग्रीष्म म्हटला की आपल्या रसिकतेपुढे ‘ऋतुसंहारा’चा पहिला सर्ग उभा राहतो. तेथे तापही अलंकार लेवून येतो. त्या वळणाच्या वाचकाला आधुनिक अल्पाक्षरी कविता प्रथमदर्शनी कोरडी भासते. हा कोरडेपणा कवितेची उणीव मानावयाचा की अनुभवाचेच रूप, हा खरा प्रश्न आहे.

अ. के. रामानुजन (१९२९–१९९३) यांच्या ‘द स्ट्रायडर्स’ (१९६६) या संग्रहातील ‘अ रिव्हर’ ही इंग्रजी कविता या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. स्थळ मदुराई. दर उन्हाळ्यात नदी आटते, वाळू उघडी पडते, पुलाखालच्या गजांत गवतकाडी आणि बायकांचे केस अडकलेले दिसतात. तहान, घाम, काहिली यांचा उच्चारही नाही. पाणी गेल्यावर जे उरते, तेवढेच सांगितले जाते. ऊन नदीला जे करते तेच कवी भाषेला करतो. वरचे पाणी काढून घेऊन तळ दाखवितो.

कवींनी मात्र गायिले ते पूरच, असे ही कविता म्हणते. त्या पुरात तीन घरे, एक गर्भवती स्त्री आणि दोन गाई वाहून गेल्या. नोंद केवळ बातमीची. सूर कोठेही चढत नाही. ही भावशून्यता नव्हे. गाईंना नावे आहेत, स्त्रीला नाही. आणि याविषयी कवी चकार शब्द काढीत नाही. ती विसंगती वाचकाने स्वतः टिपावयाची असते. आस्वादाचे काम येथे सुरू होते.

अल्पाक्षरत्व ही केवळ आधुनिकांची टूम नव्हे. रामानुजन यांनीच ‘द इंटीरियर लँडस्केप’मध्ये (१९६७) अनुवादिलेल्या प्राचीन तमिळ प्रेमकवितेत ‘पालै’ या भूमीचा ऋतू ग्रीष्म, वेळ मध्याह्न आणि भाव विरह, असा संकेत आहे. म्हणजे तमिळ काव्याने उन्हाळा गायिलाच नाही असे नव्हे. कवितेतील आक्षेप नदीच्या स्तुतिकारांपुरता घेणे न्याय्य ठरेल. मात्र तेथे एका वैराण वाटेच्या उल्लेखाने श्रोत्याच्या मनात सारा विरह जागा होई, कारण संकेत उभयतांचा होता. आजच्या कवीला असा आधार नाही; म्हणून वाचकावरील भार वाढतो.

यावरून एक कसोटी हाती येते. शब्द थोडे असणे हा गुण नव्हे. गाळलेले जाणवत राहणे हा गुण. जेथे ते जाणवत नाही, तेथे कविता आखूड असते, अल्पाक्षरी नव्हे.