घरच्या संगणकांतील शोधसूची

वस्तु हरवणें व वस्तु न सांपडणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें आम्हांस एका घरगुती प्रसंगावरून चांगलें कळलें. आमच्या वडिलांस जाऊन वर्ष होत आलें होतें. त्यांनीं १९९८ सालीं आपल्या गांवच्या विहिरीची हकीकत संगणकावर लिहून ठेविली होती. ती स्मृतिदिनीं वाचावी अशी आईची इच्छा. परंतु ते लेख एकामागून एक तीन संगणकांवर उतरविले गेले होते, व कोणता कोठें आहे हें सांगणारा आतां कोणी नव्हता. म्हणून आम्हीं शोधसाधन वापरून पाहण्याचें ठरविलें.

हें साधन कसें चालतें, तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. आपण शब्द दिल्यावर तें प्रत्येक लेख पहिल्यापासून वाचूं लागत नाहीं. तसें केल्यास फार वेळ लागेल. तें आधींच सर्व लेख एकदां वाचून सूची करून ठेवितें. जाड ग्रंथाच्या शेवटीं शब्द व त्यांपुढें पृष्ठांक दिलेले असतात, तशीच ही सूची. प्रत्येक शब्दापुढें तो कोणत्या लेखांत आला याची नोंद असते. ‘विहीर’ व ‘दुष्काळ’ असे दोन शब्द दिले, कीं दोन्ही याद्या ताडून, दोहोंत असलेले लेख तें पुढें करतें.

गूगलनें असें साधन २००४ सालीं काढलें व २०११ सालीं बंद केलें. ॲपलनें २००५ सालीं ‘स्पॉटलाइट’ आपल्या संगणकांतच घातलें. आम्हीं ‘रीकॉल’ हें मुक्त साधन घेतलें. पहिली सूची होण्यास अख्खी रात्र गेली. पुढें मात्र बदललेले व नवे लेखच वाचावयाचे असल्यानें काम झटपट होऊं लागलें. विम्याचें एक जुनें पत्र क्षणांत हातीं आलें. मग मोठ्या आशेनें ‘विहीर’ हा शब्द दिला. एकही लेख निघाला नाहीं. आई म्हणाली, “जाऊं दे. त्यांच्याबरोबरच गेलें असेल.”

आमचें मन मात्र मानेना. आम्हीं शब्द सोडून तारखेप्रमाणें लेख लावले. १९९८ सालचा एक उघडला, तों पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निव्वळ खिचडी! तेव्हां उलगडा झाला. त्या काळच्या अनेक मराठी टंकांत संगणकाच्या पोटीं रोमन अक्षरांचेच संकेत सांठविले जात. टंक त्यांस देवनागरी रूप देई, इतकेंच. वडिलांचा ‘विहीर’ हा शब्द डोळ्यांस मराठी होता, साधनास नव्हता. युनिकोडमध्यें देवनागरी अक्षरांस १९९१ पासून स्वतंत्र संकेत आहेत, परंतु ते घरोघरीं पोंचण्यास बरींच वर्षें लागलीं. जुना टंक मिळवून बसवितांच हकीकत वाचतां आली. ती आम्हीं युनिकोडमध्यें उतरविली व बिघडलेलीं जोडाक्षरें हातानें दुरुस्त केलीं. पुन्हा ‘विहीर’ हा शब्द दिला, तों तीच हकीकत सर्वांत वर आली. आईनें ती स्मृतिदिनीं स्वतः वाचून दाखविली.

आमच्या वाचकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, साधन अक्षरें जुळवितें, अर्थ नव्हे. ‘विहीर’ शोधल्यास ‘विहिरीचें’ सुटण्याचा संभव असतो. आणि १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचें ‘कांहीं’ हें आजच्या ‘काही’ला ओळख देईलच असें नाहीं. म्हणून शब्दाचीं दोन-तीन रूपें देऊन पाहावीं. दुसरी, कागदाचें छायाचित्र हें चित्रच असतें; त्यांतील अक्षरें निराळ्या साधनानें ओळखून घेतल्यावांचून सूचींत येत नाहींत. तिसरी, सूचींत खासगी पत्रांतील शब्दही उतरतात. संगणक अनेकांच्या वापरांतला असेल तर तीं पत्रें सूचीबाहेर ठेवावीं.

मुलांनो, घरांतील वडीलधाऱ्यांचें लिखाण जुन्या टंकांत असेल, तर तें त्यांच्या समक्षच नव्या अक्षरांत उतरवून घ्या. अडलेला शब्द आज त्यांस विचारतां येतो. आमच्या हकीकतींत असे दोन शब्द अद्यापि रिकामे आहेत.