ऑक्सिश्वसन, वनस्पतींतील
ग्लुकोजाचे ऑक्सिजनाच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांत पूर्ण विघटन होऊन कोशिकेत ऊर्जा मुक्त होण्याच्या प्रक्रियेस ऑक्सिश्वसन म्हणतात. तिचा पहिला टप्पा कोशिकाद्रव्यात होतो. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेले चक्र व इलेक्ट्रॉन-वहन कलकणू या सूक्ष्म अंगकांत घडतात. एका ग्लुकोज रेणूपासून एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे सु. ३०–३२ रेणू मिळतात. ऑक्सिजनाअभावी केवळ २. त्यामुळे चिखलातील मुळांना हवा मिळणे अत्यावश्यक असते. डोलवी (जि. रायगड) परिसरातील खारभूमीत भाताची पाने व खोड यांतील हवा वायूतकातून मुळांपर्यंत पोहोचते, धरमतर खाडीकाठची तिवरे चिखलाबाहेर येणाऱ्या श्वसनमुळांनी हवा घेतात. बांध फुटून भातरोपे दीर्घकाळ पूर्ण बुडाल्यास हा मार्ग खुंटतो व कोशिका ऊर्जेअभावी मरू लागतात.