पाठीमागचे अंतर

कोलकात्यास १९४३ साली खुल्या झालेल्या हावडा पुलावर वाहनांची अखंड रीघ असते. त्या गर्दीतील खासगी बसचा कंडक्टर दारात उभा राहून पत्र्यावर थापा मारतो. त्यांवरून कोठे थांबावे, केव्हा निघावे, कोठे जपावे हे चालकास उमगते. आपल्या मोटारीत असा साथीदार नसतो. मागची खबर आरशानेच द्यावयाची.

आरशात एखादे वाहन अगदी जवळ दिसले, तर काय करावे? मागच्या चालकावर आपली सत्ता नाही; पुढच्या अंतरावर मात्र आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहन सेकंदास १० मीटर धावते. आपण एकाएकी थांबलो, तर मागच्याचा पाय ब्रेकवर पोहोचण्यापूर्वीच ते अंतर सरते. आणि आपल्या मागच्या आसनावर बहुधा मुले बसलेली असतात.

म्हणून मागचा जवळ आला, की आपण पुढच्या वाहनापासून अधिक दूर राहावे. मग ब्रेक हलकेच दाबता येतो आणि आपला तांबडा दिवा त्यास वेळेवर सावध करतो. रागाने वेग वाढवू नये. वाट मिळताच त्यास पुढे जाऊ द्यावे. पुढे राखलेले अंतर असे पाठीचेही रक्षण करते.